आरसा आणि अंतरपाट

अंतरपाट धरलेला असतो तेव्हा मांडवातली सगळ्यांत अडचणीची जागा फोटोग्राफरच्या वाट्याला येते. नवरानवरी पाटांवर समोरासमोर, मध्ये कुंकवाने स्वस्तिक काढलेला पांढरा पडदा, दोघांच्या पाठीशी मामा, त्यांच्या मागे कऱ्हा आणि दिवा धरून अवघडलेल्या करवल्या. गुरुजींचा माइक एव्हाना कुठल्यातरी आत्याबाईंच्या हातात गेलेला असतो, आणि दोन्ही घराण्यांतली यच्चयावत नावं गुंफलेलं स्वरचित मंगलाष्टक त्या वरच्या पट्टीत म्हणत असतात. दोघांचे चेहरे एकाच चौकटीत हवे असतील तर पडद्याच्या कडेच्या रेषेत उभं राहावं लागतं. नेमकी तीच जागा मोबाइल उंचावलेल्या हातांनी अडवलेली असते. कॉलरमध्ये अक्षता गेलेल्या. शेवटचं ‘सावधान’ होतं, कुणीतरी बँडवाल्याला हात करतं, पडदा सर्रकन बाजूला जातो, दोघं एकमेकांकडे बघतात आणि हार वर जातात. पडदा हलल्यापासून हार गळ्यात पडेपर्यंत फार तर तीन-चार सेकंद. मित्रमंडळींनी नवरदेवाला उचलून धरलं तर वेळ वाढतो खरा, पण ते पहिलं बघणं तोवर संपलेलं असतं.

लग्नाचा कॅमेरा या तीन-चार सेकंदांसाठी घ्यायचा, असं माझं मत आहे. रुखवत, पंगत, स्टेजवर आहेर घेऊन उभी राहिलेली रांग, विहिणीचा मान हे सगळं कुठलाही बरा कॅमेरा निभावून नेतो. दुकानात कॅमेरा हातात घेऊन पाहणारी मुलं त्याचे वरचे आकडे विचारतात: किती मेगापिक्सेल, किती आयएसओ. मला त्याचा वाईटातला वाईट क्षण बघायचा असतो. उजेड कमी, मध्ये पडदा, हवेत तांदूळ, पाठीमागे धक्काबुक्की. अशा वेळी हा काय करतो? या एका प्रश्नावर मी आजवर बरेच कॅमेरे वाचले आहेत, आणि त्यातला एक मला अजून पुनःपुन्हा वाचावासा वाटतो. पण त्याच्याकडे यायच्या आधी आमच्या घरातल्या कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या एका कॅमेऱ्याबद्दल सांगायला हवं.

वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, साताऱ्याला छोटा स्टुडिओ होता, आणि लग्नाला ते यशिका-मॅट १२४जी घेऊन जात. वर-खाली दोन लेन्स असलेला, गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि वरून झाकण उघडून त्यात डोकावायचा कॅमेरा. रोल १२०चा, चौकोनी फोटो, एका रोलमध्ये बारा. प्रत्येक फोटोनंतर बाजूची दांडी फिरवायची, तेव्हा कुठे पुढची फिल्म येणार. अंतरपाटाला एक फोटो मिळे. दुसरा मिळेपर्यंत हार पडलेले असत.

फोटो काढताना अण्णांची मान नेहमी खाली असायची. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस लग्नाला आलाय आणि नमस्कार करून तसाच राहिलाय. खालच्या काचेवर दिसणारं चित्र डावं-उजवं उलटं. नवरी उजवीकडे सरकली की काचेवर ती डावीकडे जाणार. नवख्या माणसाची त्यात फार धांदल उडते. अण्णांची कधी उडाली नाही. या कॅमेऱ्याच्या दोन गोष्टी मला तेव्हा साध्या वाटायच्या आणि पुढे फार मोलाच्या वाटू लागल्या. पहिली अशी, की बघायची लेन्स वेगळी आणि फोटो घेणारी वेगळी, त्यामुळे बटण दाबल्याच्या क्षणीही काचेवरचं चित्र जात नसे. दुसरी अशी, की शटर लेन्सच्या आत बसवलेलं, पाकळ्यांचं. त्यामुळे सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत कुठल्याही वेगाला फ्लॅश जुळे.

मी धंद्यात आलो तेव्हा ३५ मिलिमीटरच्या रोलचे दिवस होते. ३६ फोटोंचा रोल नीट भरला तर सदतिसावा मिळायचा, आणि त्याचा आनंद वेगळाच. कॅमेरा आता डोळ्याला लावायचा, मान ताठ, चित्र सरळ. ही सगळी कृपा आत तिरक्या बसलेल्या आरशाची आणि त्याच्या वरच्या प्रिझमची. लेन्समधून आलेला उजेड हा आरसा वर डोळ्याकडे पाठवतो. मात्र फोटो घ्यायचा तर उजेड मागे फिल्मवर पडायला हवा, म्हणून आरशाला वर उचलून वाट सोडावी लागते, आणि त्या वेळेपुरता डोळ्यासमोर अंधार होतो. असाही काळ होता की आरसा वर गेला की वरच राहायचा. पुढची फिल्म ओढेपर्यंत अंधार. तो आपला आपण खाली येण्याची सोय १९५४च्या असाहीफ्लेक्समध्ये आली आणि मग सगळ्यांनी ती उचलली. अंधार पापणी लवण्याइतका झाला. पण राहिला.

याचा अर्थ लावायला मला बरीच वर्षं लागली. अंतरपाट बाजूला होतो त्या क्षणी मांडवातल्या चारशे माणसांना तो प्रसंग दिसतो आणि ज्याला त्यासाठी पैसे देऊन बोलावलंय त्याला तेवढा दिसत नाही. मी काढलेला प्रत्येक चांगला फोटो मी न पाहिलेल्या क्षणाचा आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये तो क्षण दिसला असेल तर समजावं, फोटो हुकला. नवरानवरींमधला पडदा दूर होतो त्याच वेळी माझा पडतो. हा आरसा म्हणजे कॅमेऱ्यातला अंतरपाट, आणि तो आमच्यासाठी कुणी ओढून नेत नाही.

आता तो कॅमेरा. निकॉनने सप्टेंबर २०१४मध्ये आणलेला डी७५०. त्याच्या आधी दोन वर्षं, २०१२ साली, कॅननचा फाइव्ह डी मार्क थ्री आला होता, आणि लग्नाच्या धंद्यात कॅननवाल्यांची चलती होती, कारण फाइव्ह डी मार्क टूने २००८मध्ये व्हिडिओवाल्यांनाही खिशात घातलं होतं. मार्क थ्री हा उत्तम कॅमेरा आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. त्याच्या फोकसच्या मेनूत वेगवेगळ्या प्रसंगांसाठी सहा तयार चाली दिल्या होत्या. त्यातली दुसरी मध्ये अडथळे आले तरी धरलेला माणूस न सोडण्याची. जपानमध्ये बसून ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फुटबॉलचं मैदान असणार. अक्षतांना ती इतकी चपखल बसते की त्याला एकदा मांडवात आणून जेवायला घालावंसं वाटतं.

तरी माझा जीव डी७५०वर. पहिलं कारण हाताचं. कॅमेऱ्याची पकड ही मेनूत न सापडणारी गोष्ट आहे. नुसती बॉडी ७५० ग्रॅमची, बॅटरी आणि कार्ड घालून ८४०. पुढचा भाग कार्बन फायबरच्या मिश्रणाचा, त्यामुळे तो पातळ ठेवता आला आणि मुठीसाठी खोल खोबण मिळाली. बोटं त्यात अशी बसतात की चोवीस-सत्तरची लेन्स लावून दिवसभर फिरलं तरी करंगळी लटकत राहत नाही. सकाळी सहाला घाणा भरण्यापासून रात्री पाठवणीपर्यंत चौदा-पंधरा तास कॅमेरा हातात असणाऱ्याला करंगळीचं महत्त्व कळतं. मिररलेसच्या सुरुवातीच्या बॉड्या इतक्या लहान होत्या की माझ्या हातात त्या दुसऱ्याच्या चपला घातल्यासारख्या वाटायच्या.

दुसरं कारण आवाजाचं. डी७५०चा आवाज तसा कोरडा आणि आखूड आहे, पण त्याच्या वरच्या चकतीवर ‘क्यू’ अक्षराचं एक घर आहे, आणि मला या कॅमेऱ्यातली सगळ्यांत काव्यमय गोष्ट ती वाटते. ‘क्यू’वर ठेवून बटण दाबलं की आरसा वर जातो, फोटो होतो, पण बोट दाबलेलं आहे तोवर आरसा खाली येत नाही. खाली येण्याचा खटका तुम्ही म्हणाल तेव्हा. कन्यादानाच्या वेळी मुलीच्या वडिलांच्या ओंजळीतून पाणी सोडलं जातं, क्षणभर कुणी बोलत नाही. तिथे मी बोट तसंच दाबून ठेवतो आणि गुरुजी पुढचा मंत्र सुरू करतात तेव्हा सोडतो. तेवढा वेळ माझ्या डोळ्यासमोर अंधार. आपला अंतरपाट आपणच धरून ठेवायचा. कॅमेऱ्याने दिलेली ही अदब मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिलेली नाही.

तिसरं कारण काळोखाचं, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण रस खरा इथे आहे. गोरज मुहूर्ताचं लग्न घ्या. सूर्य टेकलेला, कार्यालयाच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून केशरी उजेड, आत ट्यूबलाइटचा हिरवट, स्टेजवर व्हिडिओवाल्याचा पांढराफेक दिवा. नवरदेवाचा अंगरखा मोतिया रंगाचा, फेट्याने आणि मुंडावळ्यांनी कपाळ झाकलेलं, डोळे सावलीत. चेहऱ्याला उजेड पुरेल असा फोटो घेतला तर अंगरखा आणि जर पांढरी फट्ट पडते. ती सांभाळली तर चेहरा काळवंडतो. डी७५०मध्ये उजेड मोजण्याची एक पद्धत खास उजळ भाग जपण्यासाठी दिलेली आहे. ती लावली की कॅमेरा जरीकडे बघून निर्णय घेतो आणि चेहरा सावलीत टाकून मोकळा होतो. पाठीमागच्या पडद्यावर तो फोटो बघितला तर ग्राहक बयाणा परत मागेल. पण रात्री घरी संगणकावर त्याच फोटोतल्या सावल्या तीन स्टॉपने वर उचलल्या की फेट्याखालून डोळे निघून येतात, पापण्यांसकट, आणि त्यात डाग-ठिपके जवळपास नसतात. त्या काळच्या कॅननच्या सावल्या एवढ्या उचलल्या की त्यांत आडव्या-उभ्या रेघा उमटायच्या. डी७५०च्या सेन्सरचा हा गुण बघताना मला कोळशाने काढलेल्या चित्रांची आठवण होते: काळ्यात काहीतरी राखून ठेवलेलं आहे आणि ते हवं तेव्हा पुसून वर आणता येतं.

फोकसही तसाच. उणे ३ ईव्हीपर्यंत तो पकडतो असं निकॉनने म्हटलं होतं. म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. वीज गेलेल्या मांडवात, जनरेटर सुरू होईपर्यंतच्या दोन मिनिटांत, समईच्या ज्योतीवर मधला बिंदू ठेवून मी नवरीच्या आजीचा फोटो घेतला आहे. मधला बिंदू म्हणालो, कारण कडेचे बिंदू इतके भरवशाचे नाहीत. एकूण ५१पैकी आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे पंधराच, आणि ते सगळे मध्यावर गोळा झालेले. शिवाय एक्कावन्नही बिंदू मिळून चौकटीचा मधला भागच व्यापतात. माणूस कडेला ठेवायचा तर आधी मध्ये फोकस धरायचा आणि मग चौकट सरकवायची. पंगतीत बसायला जागा मिळाली नाही की सगळे मधल्या ओळीत दाटीवाटीने बसतात, तसे हे बिंदू.

दोष सांगायला लागलोच आहे तर आणखी सांगतो. कार्डावर जाण्याआधी रॉ फोटो धरून ठेवण्याचा याचा साठा लहान. १४ बिटच्या रॉमध्ये साधारण १५ फोटो झाले की श्वास लागतो, आणि सेकंदाला साडेसहा फोटोंचा वेग धरला तर सव्वादोन सेकंदांत संपलं. अंतरपाटाचा प्रसंग तीन-चार सेकंदांचा. म्हणजे शेवटचं ‘सावधान’ सुरू होताच घाबरून बटण दाबून ठेवलं, तर हार वर जायच्या वेळी कॅमेरा धापा टाकत असतो. हे माझ्याकडून एकदा झालेलं आहे. त्या जोडप्याच्या अल्बममध्ये पडदा सरकतानाचे अकरा फोटो आहेत आणि हाराचा एक, तोही हार पडल्यावरचा. तेव्हापासून मी दोन तुकड्यांत दाबतो: पडद्याला पाच, मग अर्धा श्वास, मग हाराला. शिवाय उडत्या अक्षतांसाठी मेनूतलं एक घर बदललेलं असतं. फोकसच्या आड काही आलं तर किती वेळ थांबायचं ते त्यात ठरवता येतं, आणि मी ते सगळ्यांत लांब पल्ल्यावर, पाचवर ठेवतो. कॅमेरा मग तांदळाच्या दाण्यांकडे ढुंकून बघत नाही.

या मॉडेलच्या काही बॉड्यांत समोरून प्रखर उजेड आला की चित्रावर एक कापल्यासारखी आडवी सावली यायची, काहींच्या शटरमध्ये खोट होती. २०१५मध्ये निकॉनने दोन्हींची दुरुस्ती फुकट करून द्यायची तयारी दाखवली. जुना डी७५० घेणाऱ्याने हे काम झालंय का ते तपासावं. बाकी यात चेहरा शोधून डोळ्यावर जाणारा फोकस व्ह्यूफाइंडरमधून मिळत नाही, आणि शटरचा कमाल वेग सेकंदाचा चारहजारावा भाग, उन्हात एफ/१.४ला थोडी ओढाताण होते. हे दोष मी विसरतो. साठ्याचा विसरत नाही.

आणखी एक गुण मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. साड्यांचा. पैठणीचं किंवा नारायणपेठीचं बारीक विणकाम, नेटची ओढणी, नवरदेवाच्या सुटावरचे पट्टे यांच्यावर काही कॅमेऱ्यांत इंद्रधनुषी लाटा दिसतात. कापडाची वीण आणि सेन्सरची वीण एकमेकींत अडकल्याने त्या येतात. त्याच वर्षी आलेल्या निकॉनच्या डी८१०मध्ये ३६ मेगापिक्सेल होते आणि तपशील धारदार यावा म्हणून सेन्सरपुढची गाळणी काढून टाकली होती. डी७५०मध्ये २४ मेगापिक्सेल आणि गाळणी जागेवर. डोंगर, दगड, झाडं काढणाऱ्याने डी८१० घ्यावा. शालू काढणाऱ्याने थोडी धार सोडावी आणि त्या लाटा टाळाव्यात.

रंगाच्या बाबतीत मात्र मी कुठल्याच कॅमेऱ्यावर विश्वास ठेवत नाही. हळदीचा कार्यक्रम पाहा: पिवळी साडी, पिवळा मांडव, पिवळे चेहरे. कॅमेऱ्याच्या आपोआप रंग जुळवणाऱ्या डोक्याला वाटतं, बल्बचा पिवळा उजेड पडलाय. ते पिवळेपणा धुवायला घेतं आणि नवरी निळसर, आजारी दिसू लागते. तिथे उजेडाचं तापमान हाताने ठरवून ठेवावं लागतं, भर उन्हात साधारण ५२००च्या आसपास. लाल शालूचं दुखणं वेगळं. उजेडाचा एकत्र आलेख बघितला तर सगळं ठीक दिसतं, पण त्यातला एकटा लाल रंग कधीच काठाबाहेर सांडलेला असतो, आणि मग शालू एकजीव लाल रंगाचा धब्बा होतो, बुट्टे गायब. म्हणून तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे उघडून ठेवायचे. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे पदर हलला की रंग बदलतो. समोरून फ्लॅश मारला की तो खेळ तिथेच मरतो. छतावर उडवून खाली आलेला उजेड हवा, किंवा बाजूला उंच स्टँडवर लावलेला. तोच दिवा नवरानवरींच्या पाठीमागून लावला की अक्षता उजळून चांदण्यासारख्या दिसतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारला तर लेन्सजवळून जाणारा प्रत्येक दाणा पांढरा लाडू होऊन बसतो.

आता मिररलेस. यात आरसाच नाही. उजेड सरळ सेन्सरवर, आणि सेन्सरला जे दिसतं ते एका छोट्या पडद्यावर डोळ्यासमोर. सोनीने २०१८मध्ये ए७ थ्री आणला आणि आमच्या धंद्यातल्या लोकांनी भराभर पक्ष बदलले. २४ मेगापिक्सेल, सेकंदाला १० फोटो, फोकसचे ६९३ बिंदू जवळजवळ सगळ्या चौकटीभर पसरलेले, दोन कार्डांची जागा, आणि मुख्य म्हणजे डोळा ओळखून त्यावर जाणारा फोकस. पंगतीत कुणाला मागे राहावं लागत नाही! मुंडावळ्यांच्या माळांमागचा डोळा तो शोधतो. समर्थ रामदास ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून निघाले अशी कथा आहे. ते दारातून बाहेर पडेपर्यंत हा फोकस त्यांच्या डोळ्यावरून हलला नसता.

माझी तक्रार त्या पडद्याची आहे. आरसा गेला म्हणून आनंद करावा, तर डोळ्यासमोर कायमचा पडदा आला. आरशातून दिसायची ती नवरीच असायची, तिच्यावरून निघालेला उजेड काचांतून वळून माझ्या डोळ्यात यायचा. आता दिसतं ते तिचं चित्र, क्षणभर शिळं. सवय झाली की हे खटकत नाही म्हणतात. उलट चित्र किती उजळ येणार हे आधीच दिसतं, आणि नवशिक्यांचे निम्मे फोटो त्यामुळे वाचतात, हेही खरं. फ्लॅशने काम करताना मात्र तोच गुण अडचण होतो: फ्लॅशच्या हिशेबाने कॅमेरा लावला की पडद्यावर काळोख, कारण त्याला फ्लॅश अजून पडलाय कुठे! मग मेनूत जाऊन ती सोय बंद करायची.

शांत शटरचंही तसंच. काही आवाज न करता फोटो. ‘क्यू’च्या घरातली माझी कसरत एका फटक्यात बाद. पण ए७ थ्रीसारख्या कॅमेऱ्यात आवाज न करता फोटो घेताना सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. चित्रावर मग काळे-उजळ पट्टे येतात. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवलं तर ट्यूबलाइटशी तडजोड होते. रिसेप्शनच्या स्टेजमागची एलईडी भिंत मात्र स्वतःच्याच तालात लुकलुकत असते. तिच्यापुढे मुकाट्याने यांत्रिक शटर वापरावं.

या सगळ्यावरचा उतारा सोनीने २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ए९ थ्री जाहीर करून दिला. त्याचा सेन्सर ओळीओळीने न वाचता सगळाच्या सगळा एका क्षणी वाचला जातो. फोटो घेताना चित्र डोळ्यासमोरून जात नाही, आणि फ्लॅश कुठल्याही वेगाला जुळतो, सेकंदाच्या ऐंशी हजाराव्या भागापर्यंत. तेव्हा अमेरिकेत किंमत होती सहा हजार डॉलर. ही बातमी वाचली तेव्हा मी कपाट उघडून यशिका बाहेर काढला. चित्र जात नाही, फ्लॅश कुठल्याही वेगाला जुळतो. वेग अर्थातच फार पुढे गेला; पण या दोन गोष्टी अण्णा गळ्यात अडकवून साताऱ्याच्या गल्ल्यांतून हिंडत होते.

उरलेल्या गोष्टी रसाच्या नाहीत, पोटाच्या आहेत, म्हणून भरभर सांगतो. एका वेळी दोन कार्डांवर लिहिणारा कॅमेराच घ्या. निकॉनने झेड६ हा आपला मिररलेस २०१८मध्ये एकाच कार्डाचा काढला आणि लग्नवाल्यांनी त्याकडे पाठ फिरवली. २०२०च्या झेड६ टूमध्ये दुसरं घर आलं. लग्न पुन्हा लावता येत नाही, कार्ड कधीही मरतं. बॅटरी डी७५०ची कंपनीच्या मोजमापाने १२३० फोटो, ए७ थ्रीची ७१०. मिररलेस घेतला तर दोन बॅटऱ्या जादा. जुना घेताना शटर काउंट विचारा. डी७५०चं शटर दीड लाखासाठी तपासलेलं असतं, आणि एका लग्नाला तीन हजार फोटो धरले तर पन्नास लग्नांतच ते संपतं, दोन हंगाम. विदर्भातल्या वैशाखात सलग फोर-के व्हिडिओ घेणार असाल तर छोट्या बॉडीच्या तापण्याची चौकशी आधी करा. आणि एका महाग बॉडीपेक्षा दोन सारख्या बॉड्या बऱ्या, एकीवर पस्तीसची लेन्स, दुसरीवर पंच्याऐंशीची. दोन्हींची घड्याळं सकाळी जुळवून घ्या, नाहीतर अल्बम लावताना सप्तपदी अंतरपाटाच्या आधी येते.

आमच्या आळीतल्या एका मुलाने गेल्या हंगामाआधी विचारलं, “काका, कुठला घेऊ?” मी वरचं बरंच काही त्याला ऐकवलं आणि दोन वापरलेले डी७५० घे म्हणालो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि वापरलेला ए७ थ्री घेतला. एकच. “दुसरा भाड्याने आणतो, काका.” मार्गशीर्षात त्याच्या पहिल्या मोठ्या लग्नाला मी त्याच्यामागे जाऊन उभा राहिलो, हात रिकामे ठेवून.

आत्याबाईंचं मंगलाष्टक संपलं. माझे कान सवयीने खटक्यासाठी टवकारलेले. आवाजावरून मला कळतं, किती फोटो झाले, साठा संपत आला का, माणूस घाबरलाय का. अंतरपाट सरकला, बँड वाजला, हार पडले. मला काहीच ऐकू आलं नाही. पोरगा काय करतोय, करतोय की नाही, कळायला मार्ग नाही.

“किती घेतलेस?”

“त्रेसष्ट.”

“त्यात आहे का?”

त्याने मागचा पडदा माझ्याकडे वळवला आणि एकेक पुढे करत एका फोटोवर थांबला. नवरदेवाच्या भिवईवर एक तांदूळ चिकटलेला. तो अनिमिष बघतोय तिच्याकडे. कॅमेऱ्याने डोळा पकडला होता, तिचा, अगदी बाहुलीतल्या दिव्याच्या ठिपक्यापर्यंत. मी फोटो मोठा करून बघितला. नवरी त्याच्याकडे बघतच नव्हती. मामाच्या हातात गोळा होत चाललेल्या पांढऱ्या कापडाकडे तिची नजर होती.